बचावाचा हक्क आणि विलंबाचे शस्त्र

गेल्या महिन्यात आपल्या चळवळीतील एक जुना कार्यकर्ता माझ्याकडे आला. पत्नीच्या अर्जावरून न्यायदंडाधिकाऱ्यांनी त्याच्याविरुद्ध अंतरिम संरक्षण आदेश दिला होता. ‘सर, माझ्या सद्वर्तनाबद्दल प्रतिज्ञापत्र द्या, तालुक्यातले सगळे सहकारी देणार आहेत,’ असे तो म्हणाला. मी नकार दिला. ‘प्राध्यापकांनी ऐनवेळी साथ सोडली’ अशी कुजबुज सुरू झाली आहे. म्हणून माझी भूमिका जाहीरपणे मांडतो.

त्याला बचावाचा हक्क आहे, याबद्दल वाद नाही. १९७५ च्या आणीबाणीत आपल्या आधीच्या पिढीने बिनचौकशी तुरुंगवास भोगला, तेव्हा आपण तरी हा हक्क नाकारू शकत नाही. कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धचा २००५ चा कायदाही तो नाकारत नाही. नोटीस मिळते, लेखी म्हणणे मांडता येते, पुरावा देता येतो, तीस दिवसांत सत्र न्यायालयात अपील करता येते. परिस्थिती बदलल्यास आदेश बदलून किंवा रद्द करून मागता येतो. मारहाणीच्या दिवशी तो परगावी असेल, तर त्याने प्रवासाचे तिकीट आणि हजेरीपट दाखवावा. हा खरा बचाव होय.

परंतु सहकाऱ्यांच्या प्रतिज्ञापत्रांची चवड हा बचाव नव्हे. मोर्चात अग्रभागी चालणारा मनुष्य घराचे दार लावल्यावर कसा वागतो, हे व्यासपीठावर शेजारी बसणाऱ्याला ठाऊक नसते. अशी साक्ष म्हणजे संख्याबळाचे प्रदर्शन. एकट्या स्त्रीला ‘सारा गाव तुझ्या विरुद्ध आहे’ असे बजावणे.

‘म्हणणे न ऐकताच आदेश दिला’ ही त्याची दुसरी तक्रार. अर्जदार स्त्रीच्या प्रतिज्ञापत्रावरून एकतर्फी अंतरिम आदेश देण्याची मुभा कायद्याच्या कलम २३ मध्ये आहे, हे खरे. पण संरक्षण आदेश सांगतो काय? हिंसा करू नका, तिच्या कामाच्या ठिकाणी जाऊ नका, तिच्याशी संपर्क साधू नका. ही शिक्षा नव्हे, प्रतिबंध आहे. शिक्षेचा प्रश्न आदेश मोडल्यावर येतो. तेव्हा एक वर्षापर्यंत कैद किंवा वीस हजार रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही. घराबाहेर राहण्याचा आदेश अधिक जाचक असतो, हे मान्य. मग निरपराध मनुष्याने लवकर सुनावणी मागावी. तो पुढची तारीख का मागतो?

येथे खरी मेख आहे. पहिल्या सुनावणीपासून साठ दिवसांत अर्ज निकाली काढण्याचा प्रयत्न व्हावा, असे कायदा म्हणतो. प्रत्यक्षात तारखांमागून तारखा पडतात. अर्थशास्त्राचा अभ्यासक म्हणून सांगतो, विलंब हेही एक भांडवल आहे आणि ते ज्याच्याकडे अधिक, तो जिंकतो. प्रत्येक तारखेला तिची मजुरी बुडते. त्याचा पगार मात्र चालू राहतो. राहते घर सासूसासऱ्यांच्या नावावर दाखवून सुनेला बाहेर काढण्याची युक्ती सर्वोच्च न्यायालयाच्या २००६ च्या निकालामुळे वर्षानुवर्षे चालली. ऑक्टोबर २०२० मध्ये त्याच न्यायालयाने तो निकाल चुकीचा ठरवला. पोटगी चुकवण्यासाठी उत्पन्न दडवणे थांबावे, म्हणून नोव्हेंबर २०२० मध्ये दोन्ही पक्षांना मालमत्तेचे व उत्पन्नाचे प्रतिज्ञापत्र सक्तीचे केले. मजुरांचे वेतन बुडवणाऱ्या मालकाचे हिशेब आपण चव्हाट्यावर मांडतो. मग बायकोची पोटगी बुडवणाऱ्या सोबत्यासाठी सह्या कशा गोळा करतो?

शासनही निर्दोष नाही. जिल्हा व तालुका पातळीवर संरक्षण अधिकारी नेमा, हे राज्यांना मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला बजावावे लागले. म्हणजे कायदा अमलात येऊन जवळजवळ एकोणीस वर्षे झाल्यावर! त्यासाठी आपण किती मोर्चे काढले?

डॉ. लोहियांनी सप्तक्रांतीत नर-नारी समतेला स्थान दिले. ती समता शिबिरातील व्याख्यानापुरती ठेवायची नसेल, तर काही पथ्ये पाळावीच लागतील. आदेश निघालेल्या कार्यकर्त्याने तो तंतोतंत पाळावा, उत्पन्न खरे सांगावे, अनावश्यक तारीख मागू नये. निकाल लागेपर्यंत त्याच्याकडे पद नसावे. संघटनेने कोणासाठीही सह्या गोळा करू नयेत.

मी त्या कार्यकर्त्याला एक चांगला वकील सुचवला. तेवढे माझे कर्तव्य होते. त्याची पत्नीही वीस वर्षे भाकरी बांधून आपल्या मोर्चांना येत होती. तिच्यासाठी प्रतिज्ञापत्र मागायला मात्र माझ्याकडे कोणीच आले नाही.