एप्रिल-मेचा पगार कुठे जातो?

आमच्या मजल्यावर राहणाऱ्या वहिनी गेली सात वर्षं बेंगळुरूतल्या एका खासगी शाळेत गणित शिकवत होत्या. दर वर्षी मार्चअखेर शाळा त्यांच्याकडून एका कागदावर सही घ्यायची, 'सेवा समाप्त'. मग एप्रिल-मे बिनपगारी, आणि शाळा उघडायच्या वेळी नवं ऑफर लेटर. या वर्षी ते आलंच नाही. ग्रॅच्युइटीचं विचारायला गेल्या तर ऑफिसात उत्तर मिळालं, "मॅडम, तुम्ही पर्मनंट कुठे होता?"

वहिनी गप्प घरी आल्या. तुमच्या घरातही कुणी शिक्षिका किंवा शिक्षक असेल, तर हे वाक्य ओळखीचं वाटेल. त्यात दोन वेगळ्या गोष्टींची सरमिसळ केलेली आहे. नोकरीत कायम होण्याचा हक्क ही एक गोष्ट. केलेल्या कामाबद्दल कायद्याने मिळणारे पैसे ही दुसरी. पहिली नसली म्हणजे दुसरीही नसते, असं मुळीच नाही.

पण शाळांना असं बोलायची हिंमत कुठून येते, ते आधी बघू. गंमत म्हणजे या गोष्टीची सुरुवात आपल्या बेंगळुरूच्या नळाच्या पाण्यापासून होते. इथल्या पाणीपुरवठा मंडळातल्या कामगारांचा एक वाद सर्वोच्च न्यायालयात गेला आणि २१ फेब्रुवारी १९७८ रोजी सात न्यायाधीशांच्या पीठाने 'उद्योग' कशाला म्हणायचं याची व्याख्या खूप रुंद केली. त्यात शिक्षणसंस्थाही आल्या. म्हणजे शाळा हा कायद्याने 'उद्योग' ठरला. मग त्यात काम करणारी शिक्षिका 'कामगार' का नाही? हा प्रश्न गोव्यातून पुढे आला. पणजीजवळच्या करंझाळे इथल्या शाळेने कामावरून कमी केलेल्या एका शिक्षिकेने तो लढवला, आणि १९८८ साली निकाल विरुद्ध गेला. शिकवणं हे अंगमेहनतीचं नाही, कारकुनीचं नाही, ते उदात्त कार्य आहे, सबब शिक्षक औद्योगिक विवाद कायद्यातला कामगार नव्हे, असं न्यायालयाने म्हटलं. शाळेतला शिपाई किंवा क्लार्क त्या कायद्याखाली दाद मागू शकत होता, पण त्याच शाळेतल्या बाई नाही. मोठेपणा देऊन हात बांधणं म्हणतात ते हेच, असं मला तरी वाटतं.

ग्रॅच्युइटीचंही तसंच झालं होतं. जानेवारी २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की ग्रॅच्युइटी कायद्यातल्या 'कर्मचारी' या शब्दात शिक्षक बसत नाहीत. तेव्हाच्या कित्येक शिक्षकांनी नाद सोडला, आणि शाळांच्या ऑफिसांत ते वाक्य आजही तोंडात राहिलं आहे. पुढचा भाग मात्र फारसा कुणी सांगत नाही. संसदेने २००९ साली कायदा बदलला, शिक्षकांना त्यात आणलं, आणि तेही मागच्या तारखेपासून, ३ एप्रिल १९९७ पासून. खासगी शाळांच्या संघटना याविरुद्ध कोर्टात गेल्या. २९ ऑगस्ट २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने शिक्षकांच्या बाजूने निकाल दिला. दुरुस्ती वैध आहे, पैसे द्या.

आता हिशेब. मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून महिन्याला २६,००० रुपये धरा. त्याला २६ ने भागा, १५ ने गुणा. झाले १५,०००. सात वर्षांचे १,०५,००० रुपये. वहिनींना हा आकडा कागदावर करून दाखवला तेव्हा त्यांनी तो दोनदा तपासला. गणिताच्या बाई, सवय जात नाही.

यावर शाळेचं ठरलेलं म्हणणं असं, की दर मार्चला सेवा तुटते, मग सलग पाच वर्षं झालीच कुठे? कायद्यात 'अखंड सेवा' म्हणजे काय ते लिहिलेलं आहे. रजा, आजारपण, अपघात, आणि कर्मचाऱ्याची चूक नसताना थांबलेलं काम, यांनी सेवा तुटत नाही. उन्हाळ्याची सुट्टी ही काही वहिनींची चूक नव्हे! शिवाय २१ नोव्हेंबर २०२५ पासून ग्रॅच्युइटीचा जुना कायदा सामाजिक सुरक्षा संहितेत गेला आहे, आणि तिच्यात ठरावीक मुदतीच्या नेमणुकीवर असणाऱ्यांना पाच वर्षांची अट नाही, एका वर्षानंतरच प्रमाणात ग्रॅच्युइटी आहे. म्हणजे 'तुमचं दर वर्षी नवं काँट्रॅक्ट होतं' हे शाळेचं वाक्य आता शाळेवरच उलटू शकतं.

पीएफ तर याहून सोपा. वीस किंवा जास्त माणसं असलेल्या संस्थेत काँट्रॅक्टवरच्यांचाही पीएफ भरावा लागतो. पगार १५,००० पर्यंत असेल तर त्यात पर्यायच नाही. तुमच्या फोनवरच्या उमंग अ‍ॅपमध्ये पासबुक उघडून बघा. पगारातून कापलेले पैसे तिथे दिसत नसतील तर ते गेले कुठे, हे विचारायला कुणाची भीड नको. बाळंतपणाचंही तेच. आधीच्या बारा महिन्यांत ८० दिवस काम झालं असेल, तर पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवड्यांची पगारी रजा मिळते. मध्येच काँट्रॅक्टची मुदत संपली तरी हा लाभ बुडत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये स्पष्ट केलं आहे.

कायम होण्याची लढाई मात्र खरोखर अवघड आहे, उगाच आशा लावत नाही. तिथेही गाठ कर्नाटकातच पडली. सरकारी खात्यांतल्या रोजंदारीवरच्या कर्मचाऱ्यांच्या, उमादेवी नावाने ओळखल्या जाणाऱ्या खटल्यात १० एप्रिल २००६ रोजी निकाल लागला, की नुसती बरीच वर्षं काम केलं म्हणून कायम करा असा हक्क सांगता येत नाही. २०२४ च्या सुरुवातीला सरकारी पदवी कॉलेजांतले अतिथी प्राध्यापक तुमकुरूहून बेंगळुरूच्या फ्रीडम पार्कपर्यंत चालत आले होते. मानधन वाढलं, पण कायमपण काही मिळालं नाही. पगाराच्या बाबतीत वारं थोडं बदलतं आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये गुजरातमधल्या काँट्रॅक्टवरच्या सहायक प्राध्यापकांना, जे ३०,००० रुपयांवर तेच काम करत होते, किमान वेतनश्रेणी द्यायला सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं. गुरूला देव म्हणणारे श्लोक समारंभात म्हणायचे आणि पगार असा द्यायचा, यावरही न्यायाधीशांनी सुनावलं.

खासगी शाळेने मधेच काढून टाकलं तर कर्नाटकात शिक्षण न्यायाधिकरणाकडे तीन महिन्यांत अपील करता येतं. मात्र सीबीएसई आणि आयसीएसईच्या शाळांना राज्याचा शिक्षण कायदा बहुतांशी लागू नाही, तेव्हा तुमची शाळा कोणत्या बोर्डाची ते वकिलाला पहिल्याच भेटीत सांगा. महाराष्ट्रातल्या वाचकांसाठी १९७७ चा खासगी शाळा कर्मचारी कायदा आहे. कायम जागेवर परिविक्षेची दोन वर्षं नीट पार पडली की कायम, आणि काढलं तर शाळा न्यायाधिकरणाकडे अपील. पण तिथे मुदत फक्त ३० दिवसांची. सुट्टीत गावाला जाऊन आलं की ती संपलेली असते.

या सगळ्यात वहिनींच्या कामी आली ती एक जुनी प्लास्टिकची फाइल. सातही ऑफर लेटरं, पगाराच्या पावत्या, आणि एका वर्षी मेमध्ये शाळेने बोलावून घेतलेल्या ट्रेनिंगचा मेसेज, स्क्रीनशॉट काढून छापलेला. सेवा समाप्त झालेल्या बाईंना मेमध्ये ट्रेनिंगला कसं बोलावलं, हे शाळेला सांगावं लागेल. सोमवारी त्यांनी ग्रॅच्युइटीचा अर्ज रजिस्टर पोस्टाने शाळेला पाठवला. तीस दिवसांत उत्तर नाही आलं, तर बन्नेरघट्टा रोडवरच्या कार्मिक भवनात कामगार खात्याकडे जायचं ठरलं आहे. मीही सोबत जाणार आहे. फाइल मात्र त्या स्वतःच धरणार म्हणाल्या.