रेटीफ नको, लॉमर हवा!

खासबागेत माझ्या मावशीच्या माळ्यावर माझी एक पत्र्याची ट्रंक गेली तीसेक वर्षं पडून होती. बेळगावात शिकायला होतो तेव्हाची. परवा रविवारी चोर्ला घाट चढून तिच्याकडे गेलो आणि ती ट्रंक उघडली. आत झुरळांनी कुरतडलेली दोन इंग्रजी पुस्तकं निघाली. कीथ लॉमरच्या रेटीफकथा! बाहेर आठवडी बाजाराचा गलबला, शेजारी मागाची खडखड, आणि मी चष्मा नाकावर चढवून थेट परग्रहावर.

ज्यांना रेटीफ ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. जेम रेटीफ हा पृथ्वीच्या राजनैतिक सेवेतला एक अधिकारी. हुशार, हजरजबाबी, वेळ पडली तर ठोसा मारायलाही न कचरणारा. त्याचा साहेब मॅग्नान. याला ग्रह बुडाला तरी चालेल, पण टिपणीतला शब्द चुकता कामा नये! समोर पाच डोळ्यांचे, कुजबुजत बोलणारे ग्रोआची. दर कथेत साहेबलोक घोळ घालतात, रेटीफ तो निस्तरतो आणि श्रेय जातं साहेबाला. पहिली रेटीफकथा १९६० साली आली, पहिला संग्रह १९६३ साली. त्यातल्या कथांच्या सुरुवातीला या खात्याच्या अधिकृत इतिहासातला उतारा असतो. त्यात सगळं कसं भव्यदिव्य! आणि मग कथेत दिसतं खरं काय घडलं ते.

कॉलेजात असताना मी रेटीफच्या ठोशांवर फिदा होतो. आता पन्नाशी ओलांडल्यावर वाचताना ते ठोसे थोडे बालिश वाटले. बायका तर या कथांत जवळजवळ नाहीतच. पण मॅग्नान? मॅग्नान अजून तस्साच ताजा आहे. कारण लॉमरने तो कल्पनेतून काढलेला नाही. लॉमर स्वतः अमेरिकेच्या परराष्ट्र सेवेत होता, रंगूनला उपवाणिज्यदूत होता. ज्या खुर्चीची टिंगल केली, त्या खुर्चीवर तो स्वतः बसला होता.

तेवढ्यात मावशी एक कागद घेऊन आली. "बघ की रे, काय लिहिलंय ते."

कागद कन्नडमध्ये. मावशीचा जन्म इथलाच. बाजारात ती कन्नडमध्ये झकास घासाघीस करते, पण तिची शाळा झाली मराठीत. सरकारी कन्नड तिला वाचता येत नाही. म्हणून तिने एका कार्यालयाला मराठीत अर्ज केला होता, की मला माझ्या कागदाची मराठी प्रत द्या. त्याचं हे उत्तर. कन्नडमध्ये! शेवटी शेजारच्या कन्नड वहिनींनी वाचून दाखवलं, "तुमचा अर्ज मिळाला." आणि तिघंही पोट धरून हसलो.

मंडळी, ही रेटीफकथा नव्हे तर काय?

आणि ही एवढीच नाही. १९४६ सालचं मराठी साहित्य संमेलन बेळगावात भरलं, माडखोलकर अध्यक्ष. संयुक्त महाराष्ट्राचा ठराव झाला तो तिथेच. पुढे महाराष्ट्र झाला, बेळगाव बाहेर राहिलं! १९६६ साली महाजन आयोग नेमला. १९६७ साली अहवाल आला : २६४ गावं महाराष्ट्राला, २४७ गावं तेव्हाच्या म्हैसूर राज्याला, आणि बेळगाव जिथल्या तिथे. हे आकडे वाचून मॅग्नानने कौतुकाने मान डोलावली असती. २००४ साली महाराष्ट्र सर्वोच्च न्यायालयात गेला. २०१४ साली बेळगावचं सरकारी नाव बेळगावी झालं. २०२२ साली दिल्लीत बैठक होऊन दोन्हीकडचे तीन-तीन मंत्री मिळून सहा जणांची समिती ठरली. आणि साहित्य संमेलनांत सीमाप्रश्नाचे ठराव किती झाले ते मोजायला एखादा ग्रोआचीच लागेल. त्याला डोळे जास्त आहेत.

एवढा माल दारात पडलेला असताना मराठी विज्ञानकथेने काय केलं? नारळीकरांनी १९७४ साली टोपणनावाने विज्ञानकथेचं बक्षीस मिळवलं आणि या प्रकाराला प्रतिष्ठा दिली. 'उजव्या सोंडेचा गणपती'सारख्या कथेत मिस्कीलपणाही होता. पण आपण त्यांचा मिस्कीलपणा सोडला आणि फळा-खडू तेवढा उचलला! विज्ञानकथा म्हणजे विज्ञानप्रसार, असं एकदा ठरवून टाकलं. आमचे शास्त्रज्ञ परग्रहावर उतरतात आणि पहिलं काम काय, तर व्याख्यान देतात. तिथे उतरायला परवाना कोणत्या भाषेत लागतो, हे कुणी विचारतच नाही.

"सीमाप्रश्नात माणसं मेली आहेत, त्यावर हसायचं?" असं काहीजण विचारतील. होय, जानेवारी १९५६ मध्ये बेळगावात गोळ्या लागून माणसं मेली, ते मी विसरलेलो नाही. पण हसायचं त्यांच्यावर नाही, मावशीवरही नाही. हसायचं मॅग्नानवर. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात अत्र्यांनी काय केलं? हशा हेच हत्यार केलं! आपण ते म्यान करून ठरावांची पिपाणी घेऊन बसलो.

आणि आपण गोवेकरांनी फार दुरून हळहळू नये. म्हादई लवादाने २०१८ साली पाण्याचे हिस्से करून दिले, तेव्हा तीन राज्यांच्या टिपण्यांतून वाहत आलेली नदी आपण पाहिली आहे. आपणही त्याच फायलीतले.

पूर्वी मला वाटायचं, सीमाभागाला एक रेटीफ हवा. आता तसं वाटत नाही. 'मी येतो आणि एका ठोशात सोडवतो' म्हणणारे पुढारी मावशीने सत्तर वर्षांत भरपूर पाहिलेत. रेटीफ नको. लॉमर हवा. खुर्चीवर बसून आलेला, आतलं सगळं पाहिलेला, आणि निवृत्तीनंतर स्वतःची आरती ओवाळणारं आत्मचरित्र न लिहिता खरं आणि हसवणारं लिहिणारा. तुमच्यात कुणी निवृत्त अधिकारी असेल तर त्याने मनावर घ्यावं.

ट्रंक मी खासबागेतच ठेवून आलो. मावशीने दुसरा अर्ज लिहिला आहे. पुन्हा मराठीतच. उत्तर आलं की वहिनींना हाक मारणार म्हणाली.