शस्त्रसंधीचा अंदाज कशावर बांधावा?

सुदानमधील युद्ध कधी थांबेल, याचे अंदाज वाटाघाटींच्या तारखांवर बांधले जात आहेत. लातूर जिल्ह्यातील रेणापूरकरांनी तरी अशा तारखांवर विसंबू नये; आपला भाग हैदराबाद संस्थानात होता तेव्हाचा इतिहास आठवावा. २९ नोव्हेंबर १९४७ रोजी भारत सरकार आणि हैदराबादचा निजाम यांच्यात वर्षभराचा ‘जैसे थे’ करार झाला. दिल्लीत अनेकांना वाटले, आता शांततेची उसंत मिळाली. पण निजामाच्या बाजूने लढणाऱ्या सशस्त्र रझाकारांचा म्होरक्या कासिम रझवी, जो एकेकाळी लातुरात वकिली करत होता, त्या करारात पक्षकारच नव्हता. त्याच्या टोळ्यांना आवरण्याची निजामाची इच्छा किती आणि ताकद किती, हाच खरा प्रश्न होता. इकडे मुक्तिलढ्याचे नेते स्वामी रामानंद तीर्थ तुरुंगात होते आणि सरहद्दीवरच्या छावण्यांतून सशस्त्र लढा सुरूच होता. जून १९४८ मध्ये तडजोडीचा मसुदा निजामाने फेटाळला. तेव्हाच अंदाज बदलायला हवा होता.

१३ सप्टेंबरला भारतीय फौजा संस्थानात शिरल्या, १७ तारखेला निजामाने शरणागती पत्करली. रक्तपात मात्र थांबला नाही. त्यानंतर मुसलमान वस्त्यांवर सूड उगवला गेला. सर्वाधिक होरपळलेल्या जिल्ह्यांत उस्मानाबाद आणि नांदेड असल्याचे भारत सरकारने पाठवलेल्या सुंदरलाल समितीने नोंदवले. १७ सप्टेंबरच्या मुक्तिदिनी हेही सांगितले पाहिजे.

सुदानमध्ये मे २०२३ चा जेद्दा शस्त्रसंधी करार असाच मोडला. देखरेखीची यंत्रणा कागदावर होती, पण करार मोडणाऱ्याला रोखणारे कोणी नव्हते. शस्त्रसंधीची शक्यता वर्तवणाऱ्यांनी आधी एवढे सांगावे: बंदूकधाऱ्यांना कोण आवरणार, आणि दुसऱ्या दिवशी निःशस्त्र गावाच्या वेशीवर कोण उभे राहणार?