हलवायाच्या घरावर तुळशीपत्र

डिसेंबर 2017 मध्ये नागपूर अधिवेशन गुंडाळता गुंडाळता राज्य सरकारने गुलाबी बोंडअळीग्रस्त कापूस उत्पादकांना मदत जाहीर केली. कोरडवाहू कपाशीला हेक्टरी 30,800 रुपये, बागायतीला 37,500. आकडा भारदस्त, पण फोड पाहा. कोरडवाहूच्या रकमेत 6,800 रुपये आपत्ती निधीचे, 8,000 पीक विम्याचे आणि तब्बल 16,000 बियाणे कंपन्यांचे. म्हणजे निम्म्याहून अधिक मदत सरकारच्या तिजोरीतली नाहीच! विम्याचे पैसे तर हप्ता भरणाऱ्याच्या हक्काचे. ते मदतीत मोजायला लाज कशी वाटली नाही? कंपन्या मुकाट्याने पैसे मोजतील, असे तेव्हाचे कृषिमंत्री पांडुरंग फुंडकर यांना तरी खरोखर वाटले काय? कंपन्या कोर्टाची पायरी चढणार आणि शेतकरी बियाण्याची पावती शोधत कृषी कार्यालयाचे उंबरे झिजवणार, हे दिसतच होते.

ही अळी रातोरात उगवलेली नव्हती. अळीला रोखण्यासाठीच आणलेल्या पहिल्या बीटी वाणाला ती जुमानत नसल्याचे गुजरातेत 2010 मध्येच उघड झाले. त्यानंतरचे बीटी वाण बोलगार्ड-2 देखील ती पचवू लागल्याचा इशारा शास्त्रज्ञांनी नंतर दिला. केंद्रीय कापूस संशोधन संस्था नागपुरातच आहे. मंत्र्यांना तिथे जायला कितीसा वेळ लागतो? तरीही तेच बियाणे त्याच भरवशावर विकू दिले गेले. बीटीसोबत पेरायची बिगरबीटीची पुडी बांधावर पडून राहिली, फरदड म्हणजे हंगाम संपूनही राखलेली जुनी कपाशी उभी राहिली आणि कृषी खाते ढिम्म राहिले.

त्या हंगामात यवतमाळात बोंड बाहेरून टवटवीत दिसत होते. फोडले की सरकी पोखरलेली, रुई पिवळी पडून चिकटलेली. वेचणीची मजुरीही सुटत नव्हती, म्हणून उभ्या कपाशीत जनावरे सोडली गेली. कीड मारायला गेलेली माणसेच त्या जिल्ह्यात मेली. फवारणीच्या विषबाधेचे बळी वीसहून अधिक. कोणते औषध, किती मारायचे हे कृषी सहायकाने सांगायचे असते. तो गावात फिरकत नाही. सांगतो तो दुकानदार, ज्याची बियाण्याची उधारी थकलेली असते आणि ज्याला औषधही खपवायचे असते.

ज्यांनी पाहायचे त्यांनी पाहिले नाही, त्याची किंमत शेतकऱ्याने का मोजावी? सरकारने आधी सगळी रक्कम आपल्या तिजोरीतून शेतकऱ्याच्या खात्यात जमा करायला हवी होती. कंपन्यांकडून वसुली करण्याची धमक असती, तर ती नंतर खुशाल दाखवायची. शेतकऱ्याला या भांडणात ओढायला नको होते.