मोगऱ्याने मान टाकली तर



वैशाख लागला की आपल्या नांदुऱ्याकडे पारा चाळिशी ओलांडतो आणि काही दिवस पंचेचाळिशीच्या आसपास रेंगाळतो. माणसे ओसरीत येतात, गुरे कडुनिंबाखाली जातात. अंगणातली मोगऱ्याची कुंडी मात्र आहे तिथेच उन्हात उभी असते. फेरीवर गेलो की कपाशी-तुरीचे विचारून झाल्यावर घरातली बाई हळूच म्हणते, "साहेब, रोज दोन टाईम पाणी टाकतो जी, तरी मोगरा मान टाकते. काहून?"

प्रश्न लहान वाटतो, पण तिने पाणी लांबून डोक्यावर आणलेले असते. ते वाया जाते आहे की कामी येते आहे, हे तिला समजलेच पाहिजे.

प्रथम झाड कधी मलूल होते ते पाहा. दुपारी पाने लोंबली आणि दिवेलागणीला पुन्हा ताठ झाली, तर काळजी नको. पानांतून पाणी उडून जाण्याचा वेग मुळांना पेलला नाही, एवढेच झाले. मात्र पहाटेसुद्धा पाने लोंबलेलीच असतील तर दुखणे खरे आहे. मग कुंडीच्या मातीत दोन पेरे बोट खुपसा.

माती कोरडी लागली तर उपाय सोपा आहे. आपली काळी माती वाळली की आक्रसते आणि कुंडीच्या कडेला फट पडते. वरून तांब्याभर पाणी ओतले की ते त्या फटीतून सरळ खाली जाते. बुडातून पाणी गळाले म्हणून आपण समाधान मानतो, आणि मधला मुळांचा गोळा तसाच कोरडा राहतो. अशी कुंडी पाण्याने भरलेल्या घमेल्यात किंवा टोपल्यात काठाच्या जरा खालपर्यंत बुडवून ठेवा. बुडबुडे निघायचे थांबले की बाहेर काढून निथळू द्या. उरलेले पाणी दुसऱ्या कुंडीला चालेल. मग चार-पाच दिवस झाड सावलीत ठेवा. पुढेही त्याला सकाळचेच ऊन द्या.

बोटाला चिखल लागला तर पाणी बंद करा. भोक नसलेल्या डब्यात मुळे गुदमरतात, कुजतात. कुजलेले मूळ पाणी ओढत नाही, म्हणून वरून झाड तहानलेले दिसते आणि आपण आणखी पाणी घालतो. डब्याच्या बुडाला भोके पाडा, खाली विटांचे तुकडे द्या. तेलाचा पत्र्याचा डबा तर उन्हात तव्यासारखा तापतो आणि कडेची मुळे भाजतात. त्याला ओले गोणपाट गुंडाळा, आणि पश्चिमेच्या भिंतीपासून किंवा स्लॅबवरून तो हलवा.

आता आपल्या भागातले खास दुखणे. पूर्णेच्या खोऱ्यात अमरावती, अकोला आणि बुलढाणा या तिन्ही जिल्ह्यांत खारपाणपट्टा पसरला आहे. पुष्कळ गावांत विहिरीचे, बोअरचे पाणी खारे आहे. हे पाणी कुंडीत घातले की पाणी उडून जाते आणि क्षार मागे राहतात. कुंडीच्या काठावर, मातीवर पांढरी बुरशीसारखी पापडी दिसते, पानांच्या कडा तपकिरी होऊन करपतात. कैरीच्या फोडींना मीठ लावून ठेवले की पाणी सुटते, हे लोणचे घालणाऱ्या प्रत्येकीला ठाऊक आहे. खाऱ्या मातीतल्या मुळांवर तोच ताण येतो. माती ओली असते, पण मुळांना पाणी ओढता येत नाही. दोन टाईम पाणी घालूनही मोगरा मान टाकतो त्याचे बरेचदा हे कारण असते.

अलीकडे यात दोन गोष्टींची भर पडली आहे. घरोघरी कूलर आले. टाकीतले पाणी दिवसभर उडत राहते आणि तळाचे उरलेले पाणी मूळ पाण्याहून खारे होते. ते काटकसर म्हणून झाडांना घातले जाते. पाणी शुद्ध करण्याच्या आरओ यंत्रातून बाहेर पडणाऱ्या पाण्याचेही तसेच. त्यात क्षार अधिक असतात. ही दोन्ही पाणी फरशी पुसायला वापरा, कुंडीला नको. त्यापेक्षा तांदूळ, डाळ, भाजी धुतलेले बिनमिठाचे पाणी उत्तम. साबण-सोड्याचे पाणीही टाळा.

पापडी धरली असेल तर वरची दोन बोटे माती खरवडून टाका आणि कुंडीच्या मापाच्या दुप्पट गोडे पाणी सावकाश घालून सगळे खालून निथळू द्या. टँकरवर दिवस काढणाऱ्या घराला हे मी मे महिन्यात सांगणार नाही. त्यांनी झाड सावलीत जगवावे आणि पावसाला लागल्यावर कुंडी पागोळीखाली ठेवावी. पहिल्या दोन-तीन चांगल्या सरी ते काम फुकट करतात. तोवर खारे पाणी घालावेच लागले तर रोज घोट-घोट घालू नका. माती वाळू लागली की एकदाच भरपूर घाला, म्हणजे थोडे क्षार खालून निघून जातील. वर दोन बोटे सोयाबीनचे कुटार पसरा, बुंध्याला मात्र चिकटवू नका. पाणी सकाळी लवकर किंवा सूर्य बुडाल्यावर द्या, आणि नळीत तापलेले पहिले पाणी बाजूला सोडा.

मलूल झाडाला युरिया देण्याचा मोह पुष्कळांना होतो. तो क्षारावर क्षार आहे. नवी पालवी फुटेपर्यंत कोणतेच खत नको. कुंडी बदलणेही पावसाळ्यावर ठेवा. तेव्हा काळ्या मातीत रेती आणि चांगले कुजलेले शेणखत मिसळा. कळ्या-फुले तेवढी खुडून घ्या, झाडाचा भार हलका होतो. फांदी मेली असे वाटले तर नखाने साल खरवडा. आत हिरवे दिसले तर ती कापू नका.

ज्यांचे पाणी फारच खारे आहे त्यांनी गुलाबाच्या मागे लागू नये, तो क्षार सोसत नाही. बोगनवेल किंवा कण्हेर लावा. कण्हेर विषारी आहे, तेव्हा ती शेळ्यांच्या आणि लहान लेकरांच्या तोंडापासून लांब असू द्या. आणि ज्या बोअरच्या पाण्याने कुंडीत पापडी धरली, त्याच बोअरवर भाजीपाल्याचा वाफा असेल तर पेरणीआधी एक स्वच्छ बाटली त्याच पाण्याने विसळून, भरून तपासायला द्या. कुठे द्यायची ते तुमच्या सहायक कृषी अधिकाऱ्याला विचारा.