अहमदाबादचे खेळ, बडोद्याचा हिशेब

२०३० च्या राष्ट्रकुल स्पर्धा अहमदाबादला मिळाल्या. २६ नोव्हेंबर २०२५ रोजी ग्लासगोत शिक्कामोर्तब झालं आणि गुजरातेत पर्यटनाच्या गप्पांना ऊत आला. बडोद्यातही. पण या पाहुण्यांमुळे स्थानिक माणसाच्या पदरात नेमकं काय पडतं?

२०२३ च्या क्रिकेट विश्वचषकात याची झलक मिळाली. १४ ऑक्टोबरच्या भारत-पाकिस्तान सामन्यासाठी अहमदाबादेत खोल्यांचे भाव कित्येक पटींनी चढले. तपासणीच्या नावाखाली रुग्णालयातली खाट राखून ठेवण्याची विचारपूस झाल्याच्याही बातम्या आल्या. हॉटेलवाल्यांची चांदी झाली खरी. पण तुम्ही सामन्याला आलात की रुग्णाला घेऊन, हे बघून कोणी भाव लावत नाही.

म्हणून 'शहरवासीयांचं मत' असं एकच काही नसतं. स्पर्धा आपल्या गावात याचा अभिमान बहुतेकांना असतो. पुढचं मत मात्र ज्याच्या त्याच्या खिशावर ठरतं. घरमालकाला भाडं वाढलं तर हवंच, भाडेकरूच्या पोटात गोळा येतो. दिल्लीत २०१० च्या स्पर्धांआधी झोपडपट्ट्या हटवल्या गेल्या, नंतर कॅगने खर्चावर ताशेरे ओढले. ज्यांची घरं गेली त्यांना त्या खेळांचं कौतुक कसलं?

बडोद्याचा प्रश्न थोडा वेगळा आहे. कोटंबीचं नवं स्टेडियम हालोल रस्त्यावर, शहराबाहेर. १४ फेब्रुवारी २०२५ ला महिला प्रीमियर लीगची सुरुवात तिथेच झाली. प्रेक्षक येतो, सामना बघतो आणि हायवेनं परस्पर निघून जातो. तो एक रात्र थांबला, तरच रावपुरा-दांडिया बाजारातल्या दुकानदाराचा, रिक्षावाल्याचा गल्ला भरेल. त्याच रस्त्यानं पुढे चांपानेर-पावागढ हे जागतिक वारसास्थळ आहे, शहरात लक्ष्मीविलास राजवाडा आहे. दाखवण्यासारखं कमी नाही. कमी आहे ती सामन्यानंतर उशिरा सुटणाऱ्या बसची आणि परवडणाऱ्या खोल्यांची सोय.

आणि ऑगस्ट २०२४ चा विश्वामित्रीचा पूर कोणी विसरलेलं नाही. चौकाचौकांत रोषणाई करण्याआधी नदी आणि नाल्यांचं काम झालं, तर पाहुणा आला नाही तरी पैसा वाया जाणार नाही. २०३० ला अजून वेळ आहे. नगरसेवक दारात येईल तेव्हा 'स्टेडियम कधी?' याऐवजी 'आमच्या वॉर्डात काय उरणार?' हे विचारायला हवं.