नाताळातली मराठी

मुंबईचा नाताळ पाहायचा म्हटलं की लोक वांद्र्याला जातात. हिल रोडवरची गर्दी, दुकानांबाहेर टांगलेल्या चांदण्या, माउंट मेरीची रोषणाई, सगळं छानच असतं. गेल्या डिसेंबरात मात्र दोन दिवस मोकळे मिळाले आणि ठरवलं, यंदा जुन्या मुंबईतून चालायचं. धोबीतलाव, गिरगाव, माझगाव, भायखळा. टॅक्सी करायची नाही, बसमध्ये चढायचं नाही.

सुरुवात धोबीतलावाला केली, कारण कित्येक गोंयकारांची मुंबई तिथूनच सुरू झाली. जेर महालाच्या जुन्या जिन्यांवर अजून कुडी आहेत. कूड म्हणजे गावाचा क्लब. बोटीवर नोकरी शोधणारा तारवटी मुंबईत उतरला की आपल्या गावाच्या कुडीत यायचा. एक पेटी, एक वळकटी आणि भिंतीशी वेदी. संध्याकाळी सगळ्यांनी मिळून तेर्स म्हणायचा, हा नियम. नाताळात त्या वेदीजवळ गोठा मांडतात आणि गॅलरीत नखेत्र लावतात. खाली रस्त्यावर मुंबईची धावपळ आणि वर साष्टी-बार्देशातल्या गावांच्या नावांच्या पाट्या. या मुंबईकर गोंयकारांनीच १७ एप्रिल १८९२ रोजी पहिला तियात्र रंगमंचावर आणला.

याच शहरात १९१९ साली गोवा हिंदू असोसिएशन स्थापन झाली आणि पुढे तिच्या कला विभागानं मराठी रंगभूमी गाजवली. ‘रायगडाला जेव्हा जाग येते’ त्यांचंच. दोन्ही माणसं गोव्याचीच, दोघांनाही नाटकाचं वेड. पण एकाचा तियात्र दुसऱ्यानं किती पाहिला आणि दुसऱ्याचं नाटक पहिल्यानं किती, हा प्रश्न जेर महालाचा जिना उतरताना मनात आला. मांडवी-जुवारी ओलांडून येताना आपण मधली भिंतही बरोबर आणली होती.

तिथून चालत गिरगावात, खोताच्या वाडीत. चाळी आणि टॉवर यांच्या मधोमध लाकडी सज्ज्यांची, बाहेरून जिने असलेली घरं. एकेकाळी अशी साठाहून अधिक घरं होती म्हणतात, आता निम्मीही उरलेली नाहीत. पण नाताळात वाडी उजळते. दारोदारी चांदण्या, ओसरीवर गोठे, आणि गल्लीभर तळणाचा वास. एका ओसरीवर एक आजीबाई कुलकुल वळत बसल्या होत्या. मी गोठा पाहायला थांबलो, तर त्यांनी मान वर करून विचारलं, “कुटून आयलास रं बाबा?”

मी क्षणभर गोंधळलो. गळ्यात क्रूस, भिंतीवर सायबीण आणि तोंडात चक्क मराठी! गोव्याहून आलो असं मराठीतच सांगितलं, तर आता चकित व्हायची पाळी त्यांची. “गोव्याचा? आनि मराठी बोलतोस?”

आम्ही दोघेही हसलो. मी कुलकुल खाल्ले, नेवरी खाल्ली आणि पुढे निघालो. पण ते हसू काही डोक्यातून जाईना. मला ख्रिस्ती माणसाची मराठी नवल वाटली, त्यांना गोंयकाराची.

या आजीबाई ईस्ट इंडियन. मुंबई, साष्टी, वसई इथले हे मूळचे लोक. (ही साष्टी मुंबईची हं, आपली नव्हे.) पोर्तुगिजांना वसईचा मुलूख १५३४ साली मिळाला, त्यानंतर ही कुटुंबं ख्रिस्ती झाली. पुढे मुंबई बेट १६६१ च्या लग्नकरारात इंग्रजांकडे गेलं आणि १७३९ मध्ये चिमाजी आप्पांनी वसई जिंकली. राज्यं बदलली, पण घरातली बोली मराठीच राहिली. ‘ईस्ट इंडियन’ हे नाव त्यांनी १८८७ साली, व्हिक्टोरिया राणीच्या ज्युबिलीच्या वर्षी घेतलं. कशासाठी? तर गोव्या-मंगळूरहून नोकरीसाठी येणाऱ्या ख्रिस्ती लोकांहून आपण वेगळे, हे सरकारला कळावं म्हणून! म्हणजे आमच्यापासून वेगळं दिसायला त्यांनी इंग्रजी नाव घेतलं. लग्नातलं ‘उंबराचं पाणी’ आणि बायकांचं लुगडं मात्र तसंच ठेवलं.

दुसऱ्या दिवशी डोंगरीवरून माझगावात उतरलो. माथारपाखाडी सापडायला थोडा वेळ लागला. एका वळणावर रस्ता अरुंद होतो आणि एकदम आल्दोन-सालिगावच्या वाड्यात शिरल्यासारखं वाटतं. तिथला खुरीस पाहिला. मुंबईत १८९६ मध्ये प्लेग आला, तेव्हा लोकांनी वाड्यावाड्यांत असे खुरीस उभारले. नाताळात त्यांच्यावर दिव्यांची माळ चढते. येणारे-जाणारे हात लावून पुढे जातात, त्यात सगळ्या धर्मांचे.

याच पाखाडीतले जोसेफ बाप्टिस्टा. लोक त्यांना ‘काका’ म्हणत. टिळकांचे वकील आणि मित्र. १९१६ साली बेळगावात होमरूल लीग स्थापन झाली, तिचे पहिले अध्यक्ष हेच. १९२५ मध्ये मुंबईचे महापौर झाले. टिळकांचं चरित्र आम्ही शाळेपासून ऐकलं, पण हे काका ईस्ट इंडियन होते हे मला पंचेचाळिशीत, पायी चालताना कळलं. भायखळ्याच्या ग्लोरिया चर्चपाशी पोचेपर्यंत अंधार पडला. हे चर्चही मूळचं माझगावचंच, १६३२ सालचं. नवी इमारत १९१३ मध्ये भायखळ्याला उभी राहिली. मासाला लोक येत होते. बाहेर मेणबत्त्या विकणारी बाई मराठीत सुट्टे पैसे मागत होती.

आता मुद्द्यावर येतो. गोव्यात मराठी दिन असला की आपण फादर स्टीफन्सची आठवण हमखास काढतो. १५७९ साली गोव्यात आलेला हा इंग्रज पाद्री. त्याचं ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये राशोलला छापलं गेलं, दहा हजारांहून अधिक ओव्या. मराठीची थोरवी गाणाऱ्या त्यातल्या ओव्या आपल्याला पाठ असतात. पण तो ग्रंथ त्यानं लिहिला कोणासाठी? नव्यानं ख्रिस्ती झालेल्या आपल्याच गाववाल्यांसाठी. येशूच्या जन्माची कथा त्यांनी आधी मराठी ओवीत ऐकली, हे आपण भाषणात सांगत नाही. आणि त्याच पाद्रीनं कोकणीचं व्याकरणही लिहिलं, ते १६४० मध्ये छापलं गेलं, हे तर मुळीच सांगत नाही.

१६८४ मध्ये विजरईनं इथल्या भाषेवर बंदीचा हुकूम काढला. ख्रिस्ती घरांतून मराठी ओवी गेली ती अशा हुकमांमुळे, हे खरं. पण पुढचं सगळं पाप पोर्तुगिजांच्या माथी मारता येणार नाही. १९८७ चा राजभाषा कायदा, त्याआधीचं आंदोलन, त्या दिवसांतली कटुता आपल्या पिढीनं पाहिली आहे. मीही घरात कोकणी बोलतो आणि वाचतो-लिहितो मराठीत. तरी त्या भांडणात मराठी म्हणजे देवळाकडची आणि रोमी कोकणी म्हणजे इगर्जीकडची, अशी वाटणी मीसुद्धा मनात करून टाकली. कचेरीत टेबलापुढे नाईक आला की मराठीत बोलायचं, फर्नांडिस आला की इंग्रजी फॉर्म पुढे करायचा. कोणी सांगितलं नव्हतं. हात आपोआप जायचा.

मराठी गोव्याची आहे असं म्हणणाऱ्यांनी आधी ही सवय मोडायला हवी असं मला वाटतं. वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो २०२० साली उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले, तेव्हा आपल्याकडेही काहींनी नाकं मुरडली होती. ते २०२४ मध्ये गेले. त्यांचं ‘सुबोध बायबल’ आपल्या किती वाचनालयांत आहे? नाताळच्या आठवड्यात एखाद्या संध्याकाळी ख्रिस्तपुराणातला जन्माचा भाग वाचायला आणि ऐकायला शेजारच्या वाड्यावरच्यांनाही बोलवायला काय हरकत आहे? येतील की नाही, तो त्यांचा प्रश्न. बोलवायचं आपल्या हातात आहे.

परत आल्यावर पहिल्याच आठवड्यात एक म्हातारे गृहस्थ कचेरीत आले. आडनाव ऐकताच हात इंग्रजी फॉर्मकडे गेला. थांबलो आणि विचारलं, कोणत्या भाषेतला देऊ?

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. “इंग्लीशच दी रे बाबा,” म्हणाले. “पूण विचारलें तें बरें केलें.”